न पेटलेल्या बल्बला मार्क द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी होती आणि सोबत एक फोटो, थर्माकोलच्या 'स्मार्ट गाव' मॉडेलमागं एक पोरगा उभा, छातीवर बिल्ला, आणि पाहुणे वाकून बघतायत. मॉडेल झकास दिसतंय. दिसणारच, कारण ते मी केलंय.

थट्टा नाही करत. माझं कराडात इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, आयटीआयला वायरमन ट्रेड केला आणि गेली बावीस वर्षं हेच करतोय. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री साडेनऊला शटर ओढायच्या वेळी त्या पोराचे वडील आले, हातात घरांचे खोके आणि कापूस, म्हणाले भाऊ तेवढं लाइटिंगचं बघा, उद्या सकाळी न्यायचंय. मी रस्त्यावर आठ दिवे लावले, देवळावर एक, पवनचक्कीला छोटी मोटर, मागं एक बटण, आणि ८५० रुपये घेतले. पोरगं स्टुलावर बसून पेंगत होतं. जाताना मी त्याला विचारलं, यातला एक दिवा गेला तर बाकीचे चालू राहतील का बंद पडतील? तो म्हणाला, काका, ते पप्पांना माहितीय. पप्पा म्हणाले, ते ह्यांना माहितीय. ह्यांना म्हणजे मला.

तर ज्याला माहिती होतं तो सोडून सगळ्यांचा सत्कार झाला. मला वाईट नाही वाटलं, मला माझे पैसे मिळाले. पण फोटो बघितल्यावर दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून हे लिहायला बसलोय, दुकानात बसून लिहितोय त्यामुळं मधे मधे गिऱ्हाईक येणार, सुसूत्र नसेल तर सांभाळून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं हा सीझनच असतो. आधी दिवाळीच्या माळा, मग प्रोजेक्ट. 'ट्रॅफिक सिग्नलचा सेट आहे का', 'हायड्रोपॉवरचं रेडी मिळेल का', 'पाऊस पडला की आपोआप वाजणारा अलार्म द्या'. विचारतात आया किंवा वडील, पोरगं बाजूला मोबाईलवर. कधीकधी पोराला काहीतरी विचारायचं असतं, तो एलईडी उचलून बघतो, याचा एक पाय लांब का आहे म्हणून विचारतो, तर घरचे म्हणतात ठेव ते, तुटेल, काकांना काम करू दे. दोन रुपयाचा एलईडी हो तो. तुटू दे की.

आता ज्या कारणानं माझं डोकं या विषयात शिरलं ते सांगतो. ते प्रदर्शनातलं नाहीच, दिवाळीच्या किल्ल्यातलं आहे.

आमच्या गल्लीत दरवर्षी पोरं किल्ला करतात. दगड, पोती, चिखल, वरून हळीव पेरायचं, चिखलाचे मावळे, सिंहासनावर महाराज. गेल्या दिवाळीत त्यांच्या डोक्यात आलं की बालेकिल्ल्यावर पांढरा उजेड आणि महादरवाजाच्या दोन्ही बाजूला लाल मशाली पाहिजेत. माळ टाका म्हटलं तर नको, माळ शेजारच्या गल्लीची पण आहे. चौघं होते, सगळ्यात मोठी नववीतली मुलगी, सगळ्यात बारका चौथीतला. माझ्याकडून दहा एलईडी आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊन गेले. मी मुद्दाम काही सांगितलं नाही, खरं तर गर्दी होती म्हणून नाही सांगितलं, पण आता मुद्दाम म्हणायला बरं वाटतं.

दहा मिनिटांत बारका पळत आला, काका, पेटला आणि मेला. एलईडी थेट नऊ व्होल्टला लावलेला, क्षणभर भगभगीत उजेड, मग वास, मग अंधार. मी म्हटलं पांढऱ्याला तीनेक व्होल्ट लागतात, लालला दोनच्या आसपास, तू त्याला नऊ पाजलेस. तो गेला. मग नववीतली आली. तिनं डोकं लावलेलं, एकापुढं एक जोडले की व्होल्टेज वाटून जाईल. बरोबर आहे की. पण तिनं पाच पांढरे ओळीत लावले आणि एकही पेटेना. एक काढला, चार, काही नाही. अजून एक काढला, तीन, तेव्हा एकदम मंद, काजव्यासारखे. ती मला म्हणाली, काका म्हणजे पाच त्रिक पंधरा पाहिजे होते ना, आणि माझ्याकडं नऊच. मी नुसतं हो म्हटलं.

हे जे तिनं बोटावर मोजलं ना, ते तिच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाराविद्युतच्या धड्यात सूत्रासकट आहे. एकसर जोडणी, समांतर जोडणी, एकसरमधे सगळ्या रोधांतून सारखीच विद्युतधारा वाहते वगैरे तिला तोंडपाठ होतं, मी विचारलं तर धडाधड म्हणून दाखवलं. पण किल्ल्याशेजारी उकिडवं बसून चिखलाच्या हातानं पाच एलईडी जोडताना तिला कळलंच नव्हतं की आपण तो धडाच करतोय. एकीकडं 'एकसर जोडणी' आणि दुसरीकडं 'एकापुढं एक लावले', दोन्हीच्या मधे भिंत.

पुढचं तर अजून भारी. मी त्यांना तीन पेन्सिल सेलचा डबा दिला, साडेचार व्होल्ट, आणि सांगितलं सगळे शेजारी शेजारी जोडा, म्हणजे समांतर, आणि प्रत्येकाला एकेक २२० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा रोध, लावा. रेझिस्टर रुपयाला एक. तर पोरं हुशार, म्हणाली सगळ्यांना मिळून एकच लावला तर नाही का चालणार, आठ रुपये वाचतील. लावा म्हटलं. पांढरे सगळे पेटले, जरा मंद, पण पेटले. टाळ्या. मग मशालीचा लाल लावला, आणि लाल पेटल्याबरोबर बालेकिल्ल्यावर काळोख. लाल काढला, वरचे पेटले. परत लावला, परत विझले. गल्लीतली मोठी माणसंही जमली, कुणी म्हणालं लूज आहे, कुणी म्हणालं सेल उतरलाय, एक आजोबा म्हणाले लाल रंगच अशुभ. बारका म्हणाला, लाल सगळं एकटाच खातोय.

चौथीतल्या पोराचं निदान बरोबर होतं. लालला दोन व्होल्टच पुरतात, एकाच रेझिस्टरवर सगळे असले की लाल दोनवरच सगळा करंट ओढून घेतो आणि व्होल्टेज तीनपर्यंत चढूच देत नाही, मग पांढऱ्यांना मिळणार काय. मी त्यांना गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण दिलं, टाकीला खाली एक भोक पाडलं आणि वर एक, खालच्या भोकातून येईल तेवढं पाणी निघून गेलं तर पातळी वरच्या भोकापर्यंत कशी पोचेल. प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर दिला की प्रत्येकाची टाकी वेगळी. रात्री नऊ वाजता सगळे दिवे पोरांच्याच हातानं लागले, मी फक्त टॉर्च धरली होती.

चौथ्या दिवशी महादरवाजाची डावी मशाल मंदावली. आता पोरं माझ्याकडं आली नाहीत, आधी स्वतः चिखल उकरला. सेलच्या प्लसकडून आलेल्या वायरचं टोक हिरवं पडून झिजलेलं आणि मायनसचं टोक जवळपास तसंच तांबूस. नववीतली ते टोक कागदात गुंडाळून दुकानात घेऊन आली, जसं काही दुखऱ्या दातासारखं. ओल्या मातीतून थोडा थोडा करंट जात राहतो आणि प्लसकडचं तांबं त्यात विरघळत जातं, हे तिला सांगितलं तर तिला केमिस्ट्रीचा कुठलातरी धडा आठवला. म्हणजे दोन धडे एका मशालीत. मग त्यांनी जॉइंटवर टेप मारली आणि वर फुग्याचा रबर ओढला, फुग्याची आयडिया बारक्याची.

संपादक साहेब, आता या किल्ल्याला कुठल्या प्रदर्शनात नंबर मिळेल सांगा. वायरी दिसतात, टेप वाकडी, एक मशाल दुसरीपेक्षा मंद. आणि माझ्या 'स्मार्ट गावा'ला मिळाला, त्यात एक वायर दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मार्क पेटलेल्या बल्बला देऊ नका. न पेटलेला बल्ब पोरानं शोधून पेटवला तर त्याचे द्या. दहावीला विज्ञानाचे लेखी ८० आणि २० अंतर्गत असतात. त्या वीसातले पाच मार्क असे ठेवता येतील, खालच्या वर्गांनाही असं काही करता येईल. मुलानं केलेलं सर्किट टेबलावर ठेवायचं, त्याला दोन मिनिटं वर्गाबाहेर पाठवायचं, आणि सरांनी त्यात एक खोट करायची. एलईडी उलटा लावायचा, किंवा एका जॉइंटमधे प्लास्टिकचा तुकडा सारायचा, किंवा एक सेल उतरलेला घालायचा. मग पोराला आत बोलवायचं आणि म्हणायचं, बघ. ज्यानं स्वतः जोडलंय तो पाच मिनिटांत काढेल, नाही काढला तरी कुठून बघायला लागतो तेवढ्यावरून कळतं. ज्याचं मी जोडलंय तो फोन काढेल आणि मला लावेल.

ही माझी आयडिया नाही. आयटीआयला आमचे निदेशक प्रॅक्टिकलला हेच करायचे. बोर्ड वायरिंग झालं की म्हणायचे जा चहा पिऊन या, आणि परत आलं की दिवा लागायचा नाही. एकदा त्यांनी स्विचच्या पत्तीखाली विडीच्या बंडलाचा कागद सारला होता, मी दीड तास शोधत होतो, सगळी वायर उसकली, शेवटी रडकुंडीला आलो. पण त्या दीड तासात जे शिकलो ते दोन वर्षांच्या वहीत नाही. आजही कुठं बिघाड बघायला गेलो की पहिल्यांदा स्विच उघडतो. आमच्याकडं सिरीज बोर्ड असतो, साधा शंभर वॉटचा जुना बल्ब, बिघडलेली इस्त्री किंवा मिक्सर त्याच्या ओळीत लावायचा, आत शॉर्ट असला तर बल्ब फुल पेटतो, नसेल तर वस्तूप्रमाणं मंद, आणि वायर तुटली असेल तर पेटतच नाही. एकसर जोडणी म्हणजे काय हे कुणाला कळत नसेल तर त्यानं कुठल्याही वायरमनच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहून हा बल्ब बघावा. लांबून हां, तो मेन्सवर, म्हणजे घरातल्या विजेच्या लायनीवर असतो.

कुणी म्हणेल वायरमनच्या पोरांचं शिक्षण वेगळं आणि इंजिनिअर-डॉक्टर होणाऱ्यांचं वेगळं. तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेतली एमआयटी, जगातली वरच्या नंबरची इंजिनिअरिंगची संस्था. तिथं १९९० च्या दशकात पदवीदानाच्या दिवशी, झगे-टोप्या घातलेल्या पोरापोरींच्या हातात कॅमेऱ्यासमोर एक सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि एक वायरचा तुकडा दिला आणि म्हणाले पेटवून दाखवा. कित्येकांना जमलं नाही. डिग्री घेऊन बाहेर पडलेले हे लोक. बरेच जण वायरचं एक टोक सेलला, दुसरं बल्बच्या बुडाला, झालं, असं करत होते. करंट गेला की परत यायला वाट पाहिजे, आणि बल्बला दोन जागी टेकवावं लागतं, बुडाला एकदा आणि बाजूच्या पितळी आट्याला एकदा, हे हातानं कधी केलंच नव्हतं. आमच्याकडं वर्गावर्गात हीच चूक असणार, कारण घरात प्रत्येक उपकरणाला एकच वायर दिसते, आत दोन-तीन आहेत हे सोलल्याशिवाय कळत नाही.

बरं, करायला काय लागतं? काही नाही लागत. घरात कणीक आहे ना. अमेरिकेत मिनेसोटात सेंट थॉमस विद्यापीठात अ‍ॅनमरी थॉमस नावाच्या इंजिनिअरिंगच्या बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कणकेची सर्किट काढली. मीठ आणि लिंबाचा रस घालून मळलेल्या पिठातून करंट जातो. मीठ न घालता साखर, तेल आणि डिस्टिल्ड वॉटर घालून मळलेल्या पिठातून जवळजवळ जात नाही. खारट कणकेचे दोन गोळे, मधे गोड कणकेची भिंत, एलईडीचा एक पाय एका गोळ्यात, दुसरा दुसऱ्यात, आणि चार पेन्सिल सेलच्या दोन वायरी खुपसल्या की पेटला. रेझिस्टर पण नको, कणीकच रोध. मधली भिंत काढून दोन गोळे एकमेकांना चिकटवले की विझला, म्हणजे शॉर्ट सर्किट, ते पण बोट न भाजता. मी हे दुकानात करून बघितलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी माझ्याकडं असतंच, कणीक घरून आणली, आणि घरची विचारते डब्यातली कणीक कुठं गेली. साप केला, डोळे लाल. मुंग्या मात्र गोड कणकेला लगेच लागतात हे कुणी सांगत नाही.

जोड्या लावाचा बोर्ड पण लई भारी आणि जुना प्रकार आहे. पुठ्ठ्याच्या एका बाजूला किल्ल्यांची नावं, दुसऱ्या बाजूला जिल्हे, प्रत्येकाशेजारी एक पितळी पिन, आणि मागून बरोबर जोडीला वायर किंवा चांदीच्या कागदाची पट्टी. दोन टोकं बरोबर पिनांना टेकली की दिवा. करताना खरी गंमत अशी होते की मागच्या पट्ट्या एकमेकींवरून जातात, आणि मधे कागद नाही ठेवला तर प्रतापगड पण साताऱ्यात आणि सिंधुदुर्ग पण साताऱ्यात. इन्सुलेशन म्हणजे काय हे असं कळतं.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथं अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी करून दाखवली, २०१८ ला पद्मश्री मिळालं त्यांना. त्यांची सेफ्टी पिनची मोटर माहिती असेल, टॉर्चचा मोठा सेल, सायकलच्या ट्यूबचं रबर, दोन सेफ्टी पिना, वर एक चुंबक, आणि तांब्याच्या वायरचं वेटोळं. ही वायर आमच्याकडं किलोवर असते कारण शेतकऱ्यांच्या मोटारी भरायला, म्हणजे जळालेलं वेटोळं नव्यानं गुंडाळायला लागते. दहापैकी आठ पोरांची ही मोटर पहिल्यांदा फिरत नाही, कारण वायरवर लाखेसारखं कोटिंग असतं ते खरवडलेलं नसतं. मग दोन्ही टोकं पूर्ण खरवडतात, तरी नुसती थरथरते. एक टोक पूर्ण आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूनं खरवडायचं, म्हणजे अर्ध्या फेरीत करंट तुटतो आणि वेटोळं स्वतःच्या वेगानं पुढं जातं, नाहीतर चुंबक त्याला उलटं ओढतं. हे अर्ध्या बाजूचं कोडं ज्या पोराला सुटलं त्याच्या शेतातली मोटर पुढं कुणी फसवून भरणार नाही.

आणि पुणे जिल्ह्यातच पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ ला सुरू केलेला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून माणूस खेड्यात गेला. वायरिंग, बांधकाम, वेल्डिंग, शेती असं करत करत पोरांनी शिकायचं, आणि केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा कार्यक्रम राज्यातल्या बऱ्याच शाळांत गेला. म्हणजे हे महाराष्ट्राला नवीन नाही, चाळीस वर्षांपूर्वीपासून आपल्या घरात आहे, आपण फक्त त्याला 'कार्यानुभव' म्हणून शेवटच्या तासाला टाकतो आणि त्या तासाला गणिताचे सर येतात.

सरकार पैसे देत नाही असंही नाही. अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे पोरांनी हातानं वस्तू करून बघायच्या शाळेतल्या प्रयोगशाळेला, २० लाखांपर्यंत अनुदान आहे, २०२५ च्या बजेटमधे पाच वर्षांत सरकारी शाळांत अजून ५० हजार लॅब करायचं जाहीर झालंय. चांगलं आहे. पण मी एका शाळेत ट्यूबलाइट बदलायला गेलो होतो, नाव घेत नाही, तिथं थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या कव्हरमधे, कपाटाला कुलूप, किल्ली सुट्टीवर गेलेल्या सरांकडं. आणि पोरं खिडकीतून मी ट्यूब कशी बदलतोय ते बघत होती. एवढी गर्दी झाली की मी स्टुलावरून चोक खाली दिला, बघा म्हटलं हात लावून, बंद आहे. तो चोक चाळीस हातांतून फिरून आला.

आता शिक्षकांची बाजू, कारण माझी बहीण शाळेत आहे आणि हे छापून आलं तर ती मला सोडणार नाही. साठ पोरं वर्गात, पस्तीस मिनिटांचा तास, पोर्शन, परीक्षा, शिवाय सतराशे साठ ऑनलाइन माहित्या भरायच्या, आणि पोराचं बोट जरा कापलं तर पालक गेटवर. मान्य. म्हणून हिशोब करून देतो. साठ पोरं, चारचा एक गट, पंधरा गट. प्रत्येक गटाला दोन पेन्सिल सेल, तीन एलईडी, दीड मीटर बारीक वायर, टाचण्या, पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद, पुठ्ठा घरचा. माझ्या दुकानाच्या भावानं गटाला पन्नास रुपयाच्या आत बसतं, सगळ्या वर्गाचे साडेसातशे. एका 'स्मार्ट गावा'पेक्षा शंभर कमी. आणि सेल पुढच्या वर्गाला परत वापरता येतात, जर कुणी शॉर्ट करून ठेवले नाहीत तर. ठेवतातच.

एक मात्र खडसावून सांगतो, इथं मी मस्करी करत नाही. मेन्सला हात नाही. २३० व्होल्टचं काहीही पोरांच्या प्रोजेक्टमधे नको, 'सरांनी लक्ष ठेवलंय' म्हणून पण नको, जुनी माळ उघडून तिचे बल्ब काढणं पण नको. सेलवरच खेळायचं. मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्या काढून वापरू नका, फुगतात, पेट घेतात. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी दप्तरात मोकळी टाकू नका, दोन्ही टोकं शेजारी असतात, घासणीच्या तारेला लागली तर ठिणग्या पडून तार पेटते. आणि चपटे बटण सेल, ग्रीटिंग कार्डात असतात ते, घरात बारकं पोर असेल तर उघडे ठेवूच नका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला सुरुवात होऊ शकते, थांबून बघायचं नाही, लगेच दवाखाना. मी बटण सेल देताना पालकांना हे प्रत्येक वेळी सांगतो, बरेच जण माझ्याकडं असं बघतात जसं काही मी धंदा करायचा नाही म्हणतोय.

मधेच एक आठवलं म्हणून लिहितो. किल्ल्यातली ती नववीतली पोरगी संक्रांतीच्या सुमाराला परत आली, आजीच्या फाटक्या पैठणीचा काठ घेऊन, म्हणाली काका यातून करंट जाईल का, मला पिशवीवर दिवा शिवायचाय. मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावला, म्हणजे करंटला वाट असली की तो वाजतो, आणि दोन टोकं जरीवर टेकवली, पीं वाजलं. मला पण आश्चर्य वाटलं, पण खरी जुनी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तारच की, वाजणारच. मग दुकानातल्या चार गिऱ्हाइकांनी आपापले पदर तपासून घेतले. दोघींचे वाजले नाहीत, प्लास्टिकची जर. त्यातली एक दुकानदारावर इतकी चिडली, माझ्यावर नाही, साडीवाल्यावर. पोरीनं मग बटण सेल आणि एलईडी लावून पिशवी शिवली, पण दोन जरी एकमेकींना चिकटल्या आणि पहिल्याच दिवशी सेल उतरला. आता ती परत उसवून मधे साधा दोरा घालतेय.

एवढं लिहून पाकीट बंद करणार होतो तेवढ्यात तो 'स्मार्ट गाव'वाला पोरगा आला. एकटाच, सायकलवर, मॉडेल कॅरिअरला सुतळीनं बांधलेलं. म्हणाला तिसरा दिवा बंद पडलाय, बाकीचे चालू आहेत. मी म्हटलं बघ, त्या दिवशी विचारलं होतं ना, एक गेला तर बाकीचे राहतात का, मिळालं तुझं उत्तर. आता का राहतात ते मागून उघडून बघ. त्याच्या हातात मल्टिमीटर आणि एक स्क्रूड्रायव्हर दिला आणि एका गिऱ्हाइकाला एमसीबी द्यायला आत गेलो. दहा मिनिटांनी परत आलो तर तिसरा दिवा चालू होता आणि चौथ्याची वायर तुटलेली. मी काही बोललो नाही. तो अजून बसलाय.

आपला,
एक इलेक्ट्रिकल दुकानदार, कराड

ता. क. माझं दुकान रविवारी दुपारी बंद असतं पण शटर अर्धं वर असतं, आत एक टेबल रिकामं आहे. पोरं आली तर चालतील, पालकांनी बाहेर चहा घ्यावा.